पाठ कधीच बरी झाली होती

फिट आली तेव्हा मी ऑफिसात प्रिंटरपाशी उभी होते, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मला आठवतंय ते एवढंच की कागद बाहेर येतोय, आणि मग एकदम छत आणि सगळ्यांचे चेहरे वरून वाकलेले, तोंडात रक्ताची चव, कपडे ओले. वय 36, आयुष्यात कधी फिट नाही, घराण्यात कोणाला नाही. इमर्जन्सीत सीटी स्कॅन झाला, साखर बघितली, सोडियम बघितलं, सगळं ठीक. मग तिथला एक तरुण डॉक्टर, पोरगाच होता खरं तर, त्याने नवऱ्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं, स्टूल ओढून बसला आणि विचारलं, "ताई, कुठल्या गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं पाठीसाठी एक घेते अधूनमधून. कुठली? ट्रामाडॉल. किती? दोन-तीन. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, आणि का ते मला आजही कळत नाही पण त्या बघण्यावर मी खरा आकडा सांगून टाकला. चौदा. दिवसाला चौदा, पन्नास मिलिग्रॅमच्या.

तो आकडा त्याआधी मी स्वतःलाही कधी सांगितला नव्हता. मोजायचे रोज, पण मोजायचे ते किती उरल्या हे, किती घेतल्या हे नाही.

त्याने शांतपणे सांगितलं की हिची दिवसाची मर्यादा चारशे मिलिग्रॅम आहे, तुम्ही सातशेवर आहात, आणि ही गोळी जास्त झाली की मेंदूत फिट येऊ शकते, कधीकधी कमी डोसवरही येते. आणि मग म्हणाला, "आता घरी जाऊन एकदम बंद करू नका हं. उद्या मानसोपचार ओपीडीत या." मला राग आला. मानसोपचार? माझी पाठ दुखते, मला वेड नाही लागलेलं. मी कधी नशा केली नाही. दारूला हात लावला नाही. हे सगळं मी त्याला ऐकवलं, ओल्या कपड्यांत बसून.

सुरुवात तीन वर्षं आधीची. मणक्यातली चकती सरकली, डाव्या पायात करंट मारल्यासारखी कळ, ऑपरेशन झालं आणि नंतर या गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, दहा दिवस. औषधाला गुण आला, एकदम छान गुण आला. पण खरं सांगायचं तर पहिल्या दुसऱ्या दिवशीच मला आणखी एक गोष्ट जाणवली जिच्याबद्दल मी कोणालाच बोलले नाही. पाठ थांबलीच, पण त्याबरोबर डोक्यातली ती सतत चालणारी कटकट, उद्याचं काय, त्या मेलचं काय, आई काय म्हणाली, ती पण थांबली. अंगावर कोणीतरी ऊबदार पांघरूण टाकलंय असं. मला वाटलं, अच्छा, बाकीची माणसं अशी जगतात होय.

हे असं का होतं ते मला नंतर कळलं. ट्रामाडॉल म्हणजे एका गोळीत दोन औषधं असल्यासारखं आहे. लिव्हर तिच्यातून दुसराच एक पदार्थ बनवतं, तो मेंदूतल्या आणि मणक्यातल्या ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवर अफूच्या जातीची औषधं जिथे चिकटतात त्या जागांवर, जाऊन बसतो, मॉर्फिन बसतं तिथेच. आणि मूळ गोळी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही मेंदूतली रसायनं वाढवते, जे काम डिप्रेशनची काही औषधं करतात. म्हणून मनालाही बरं वाटतं. आणि लिव्हरचं हे काम प्रत्येकाचं सारखं नसतं, जन्मजातच काहींचं फार वेगात चालतं, काहींचं जवळजवळ चालतच नाही, म्हणून एकाला एका गोळीने गरगरतं आणि दुसरा म्हणतो हिच्यात काही दम नाही.

दहा दिवसांच्या जागी दोन महिने झाले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी हात आखडला तर दुसऱ्याकडे गेले, मग तिसऱ्याकडे, तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या, कोणालाच दुसऱ्याचं माहीत नाही आणि कोणी विचारलंही नाही. मी त्यांना दोष देतेय असं वाटेल, थोडा देतेच आहे, पण मी पण दर वेळी लंगडत आत जायचे आणि बाहेर पडल्यावर नीट चालायचे.

आपल्याकडे अंगवळणी पडणं म्हणतात ना, ते शब्दशः खरं आहे. दोन गोळ्या अंगवळणी पडल्या, मग चार, मग सहा. रिसेप्टरला सतत कोणी दाबून ठेवलं की पेशी आपलं लक्ष काढून घेते, काही रिसेप्टर आतच ओढून घेते, आतली यंत्रणा उलट्या दिशेने जोर लावायला लागते. म्हणजे तोच डोस, पण परिणाम अर्धा. पण सगळं शरीर एकाच वेगाने सरावत नाही, ही खरी गंमत. मेंदूचा तो सुखाचा भाग सगळ्यात आधी सरावला. आतडं मात्र तीन वर्षांत अजिबात सरावलं नाही. आतड्यातही हेच रिसेप्टर आहेत, गोळी आतडं मंद करते, आणि पोट आठवडा-आठवडा गच्च. पोट साफ व्हायच्या गोळ्या वेगळ्या घ्यायचे, त्याही वाढत गेल्या. आणि डोळ्यांच्या बाहुल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या. नवरा एकदा म्हणाला, "तुझे डोळे वेगळेच दिसतात गं हल्ली," मी म्हटलं स्क्रीनमुळे.

मग पाळी अनियमित झाली आणि नंतर बंदच झाली. चौतिसाव्या वर्षी. थायरॉइड तपासलं, सोनोग्राफी केली, गोळ्यांचा विषय मी काढला नाही आणि समोरच्यानेही काढला नाही. ही औषधं मेंदूच्या तळाशी हार्मोनचा जो कारभार चालतो तोच दाबून टाकतात, बाईचं इस्ट्रोजेन उतरतं, पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन, आणि मग हाडं ठिसूळ होणं, थकवा, इच्छाच न होणं हे सगळं मागोमाग. मला हे माहीतच नव्हतं. मी ते सगळं वयावर, ताणावर, ऑफिसवर ढकलत होते. खाज सुटायची अंगाला, रात्री घामाने उशी ओली, तोंडाला सतत कोरड. लाळ कमी झाली की दात किडतात, तेही झालं, त्याच्यावर येते शेवटी.

आणि या सगळ्यात पाठ. पाठीचं असं झालं की ती वाढतच गेली. आधी कमरेत एका ठिकाणी दुखायचं, आता खांदे, मांड्या, टाचा. चादरीचा स्पर्श टोचायचा. एमआरआय केला दोन वेळा, तिथे काही नाही, जखम स्वच्छ, नस मोकळी. "मशीन चुकतंय" हे माझं मत. चुकत काहीच नव्हतं. ओपिऑइड जास्त दिवस, जास्त डोसमध्ये घेतलं की दुखण्याची यंत्रणाच जास्त संवेदनशील होते, याला नाव पण आहे, हायपरअल्जेसिया. म्हणजे दुखतंय म्हणून मी गोळी घेत होते आणि गोळीमुळे दुखत होतं, वर शेवटची गोळी उतरायला लागली की ते उतरणं पण दुखण्याच्याच रूपात यायचं, पाठीतच यायचं, मग मला पुरावाच मिळायचा की बघा, गोळी नसली की पाठ दुखते. कोणाला खोटं पाडायला जागाच नव्हती त्यात. मी तर सोडाच.

मजा? लोकांना वाटतं मजा येत असेल. पहिले चार-सहा महिने सोडले तर शून्य. शेवटी शेवटी मी फक्त नॉर्मल राहायला घेत होते, सकाळी सहा गोळ्या घेतल्या की मी अंथरुणातून उठू शकणारा माणूस व्हायचे, बस. आणि तरी हवीहवीशी वाटायची आणि रोज जास्त वाटायची. मेंदूत "हवंय" आणि "आवडतंय" या दोन वेगळ्या वाटा आहेत हे टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या दोघांनी 1993 मध्ये मांडलं, मी ते खूप उशिरा वाचलं आणि वाचून अक्षरशः रडले, कारण कोणीतरी पहिल्यांदा माझी भाषा बोललं होतं. डोपामिन हे सुखाचं रसायन म्हणून सगळीकडे सांगतात, पण ते जास्त करून ओढीचं आहे. आवडणं आटत जातं आणि ओढ वाढत जाते, त्या दोघांतली फट म्हणजेच माझी तीन वर्षं.

असो. दुसऱ्या दिवशी ओपीडीत गेले. नवरा बरोबर, त्याला रात्रीच सगळं सांगितलं होतं, म्हणजे त्यानेच कपाटातून, बुटांच्या खोक्यातून, माझ्या जुन्या पर्समधून स्ट्रिपा काढून पलंगावर मांडल्या होत्या आणि मग मी सांगितलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मी बाजूला झोपत होतो ना गं."

तिथल्या मॅडम पन्नाशीच्या, आवाज बारीक, नजर धारदार. त्यांनी कुलूप-किल्लीचं उदाहरण दिलं, रिसेप्टर म्हणजे कुलूप, औषध म्हणजे किल्ली, सगळे डॉक्टर तेच का देतात काय माहीत. पण पुढे त्या जे म्हणाल्या ते लक्षात राहिलं. म्हणाल्या, ही कुलपं अफूसाठी बनलेली नाहीत. शरीरात अशा जागा आहेत हे 1973 मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं, आणि मग प्रश्न आला की माणसाच्या मेंदूला अफूच्या बोंडासाठी जागा ठेवायचं कारण काय, आणि दोनच वर्षांत, 1975 मध्ये, जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना शरीर स्वतः बनवतं ते सापडलं, एन्केफॅलिन. "तुम्ही बाहेरून इतका माल ओतलात की आतली ही व्यवस्था मंदावली, आणि आतलं जेवढं आहे तेवढं आता तुम्हाला पुरतही नाही. आता बाहेरचा माल बंद केला की मधले काही आठवडे तुमच्याकडे दोन्ही नाही. त्या आठवड्यांचं आपण काय करायचं, एवढाच प्रश्न आहे."

मी म्हटलं मी घट्ट मनाची आहे, सोडून दाखवते. त्या म्हणाल्या, "घट्ट मनाचा आणि याचा संबंध नाही. तुम्हाला कालच फिट येऊन गेलीये." दोन रस्ते सांगितले. एक, हीच गोळी हळूहळू कमी करत जायची, पण डबा माझ्या हातात नाही ठेवायचा. दुसरा, ब्यूप्रेनॉर्फिन. हेही ओपिऑइडच, पण अर्धवट काम करणारं. रिसेप्टरवर इतकं घट्ट चिकटून बसतं की दुसऱ्याला बसू देत नाही, आणि स्वतः मात्र ते बटण अर्धंच दाबतं. त्यामुळे ओढ शमते, अंग दुखत नाही, पण डोस वाढवत गेलं तरी एका पातळीच्या वर परिणाम चढत नाही, श्वास मंदावण्याचा धोकाही त्यामुळे कमी. नवऱ्याचा चेहरा पडला, "म्हणजे एक सोडून दुसरं व्यसन?" मॅडम म्हणाल्या, व्यसन म्हणजे गोळी रोज घेणं नाही, गोळीने आयुष्य चालवणं. बीपीची गोळी रोज घेतात त्याला व्यसन नाही म्हणत कोणी. तो गप्प झाला पण पटलं नव्हतं त्याला, आणि मलाही नव्हतं, पटायला चार-पाच महिने गेले.

एक अट होती. ब्यूप्रेनॉर्फिन आधीचं औषध अंगातून उतरायला लागल्यावरच द्यायचं. आधी दिलं तर ते आधीच्याला उठवून लावतं आणि स्वतः अर्धंच काम करतं, म्हणजे मिनिटांत जोरदार विड्रॉवल, औषध तुटल्याचा त्रास. म्हणून मला ॲडमिट करून घेतलं आणि वाट बघायची. त्रास व्हायची वाट बघायची! असं कुठल्या आजारात असतं सांगा.

शेवटची गोळी संध्याकाळी सहाला. रात्री दोनपर्यंत मी ठीक होते, अगदी नर्सला म्हणाले सुद्धा की मला वाटतं मला काही होणार नाही. मग जांभया. एकामागोमाग एक, जबडा दुखेपर्यंत, आणि झोप अजिबात नाही. मग नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी, शिंका, वाटलं सर्दीच झाली. पहाटे अंगावर काटा यायला लागला, लाटांसारखा, हातावरचे केस उभे, थंडी आणि घाम एकाच वेळी. इंग्रजीत याला कोल्ड टर्की म्हणतात, त्या काट्यामुळे पिसं काढून ठेवलेल्या टर्की पक्ष्याच्या कातडीसारखं अंग दिसतं म्हणून असं काहीजण सांगतात, खरं असो नसो, दिसत तसंच होतं. आणि मग पाय. पायांचं मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पोटऱ्यांच्या आत, हाडाच्याही आत, काहीतरी वळवळतंय आणि पाय झटकल्याशिवाय राहवत नाही, झटकला की दोन सेकंद बरं, परत. चार तास मी गादीवर पाय आपटत होते. पोट, जे तीन वर्षं गच्च होतं, ते सुटलं. आतडंही सगळ्यांबरोबर जागं झालं. शिवाय ट्रामाडॉलची स्वतःची खास भेट, सेरोटोनिनवालं प्रकरण, डोळे फिरवले की डोक्यात विजेचा बारीक झटका, आणि विनाकारण भीती, इतकी की बाथरूमच्या दाराआड कोणीतरी उभं आहे असं मला खात्रीने वाटत होतं.

मेंदूच्या देठात एक निळसर ठिपका असतो, लोकस सेरुलियस, नॉरॲड्रेनालिन बनवणारा, शरीराचा धोक्याचा भोंगा म्हणा. ओपिऑइड त्याला दाबून ठेवतं, म्हणून तो जास्त जोर लावायला शिकतो, आणि हात काढला की पाण्याखाली धरलेल्या चेंडूसारखा उसळतो. धडधड, घाम, काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, यातलं बरंचसं त्या एका ठिपक्याचं काम. ते शांत करायला क्लोनिडीन देतात, मूळची बीपीची गोळी, ती माझ्यासाठी तयार ठेवली होती पण लागली नाही.

दर दोन तासांनी नर्स एक कागद घेऊन यायची. अकरा गोष्टी तपासायच्या, नाडी, घाम, अस्वस्थपणा, बाहुल्या, हाडं दुखणं, नाक-डोळे, पोट, हाताचा थरथराट, जांभया, चिडचिड, काटा, आणि प्रत्येकाला मार्क. मॅडमना निदान बारा हवे होते. पहाटे चारला माझे नऊ झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी मार्क वाढावेत म्हणून देवाला हात जोडले. सकाळी आठला सतरा. मग ती छोटी गोळी जिभेखाली, गिळायची नाही, बोलायचं नाही, विरघळेपर्यंत बसून राहायचं, कडवट चव, पाच-सात मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटांत पाय थांबले. चाळीस मिनिटांत मी उशीला टेकले आणि नवऱ्याला म्हटलं, "तू घरी जा, अंघोळ कर, वास येतोय तुला." तो इतका हसला.

इथे कोणालाही वाटेल की संपलं. शरीराचं खरंच आठ-दहा दिवसांत बरंच आटोपलं. मेंदूचं नाही. पुढचे तीन महिने कसे गेले ते सांगणं अवघड आहे कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. दुखत नव्हतं, रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. भाचीने चित्र काढून आणलं, मला कळत होतं की इथे आनंद व्हायला पाहिजे, तोंडाने "अरे वा" म्हटलं, आत कोरं. दूरच्या खोलीत चाललेला टीव्ही ऐकू यावा तसं सगळं. मॅडमना विचारलं हे कायमचं का, त्या म्हणाल्या डोपामिनची यंत्रणा खूप दिवस जोरात ढकलली गेली की ती आवाज कमी करून ठेवते, तो परत वाढायला महिने लागतात, कधी वर्ष, पण बहुतेकांचा वाढतो. "झोप, चालणं, आणि थांबणं, याला चौथं औषध नाही." चालायचे मी रोज, कंटाळत.

आणि स्ट्रिपचा आवाज. गोळी फोडताना ॲल्युमिनियमचा जो बारीक कर्र होतो ना, तो. सहाव्या महिन्यात ऑफिसात शेजारचीने डोकेदुखीची गोळी काढली आणि मला जांभई आली, नाक गळायला लागलं, हातावर काटा. सहा महिन्यांनी! बाकायदा विड्रॉवल, एका आवाजावर. मला वाटलं मला वेड लागलं. पण हे फार जुनं निरीक्षण आहे, अमेरिकेत लेक्सिंग्टनला व्यसनी रुग्णांचं मोठं सरकारी हॉस्पिटल होतं, तिथे 1940 च्या दशकात अब्राहम विक्लर या डॉक्टरच्या लक्षात आलं की महिनोन् महिने औषधाला न शिवलेले रुग्णसुद्धा गटात बसून त्याबद्दल बोलायला लागले की जांभया देतात, नाक पुसतात. मेंदूने आवाज, जागा, वेळ सगळं त्या गोळीला बांधून ठेवलेलं असतं. मग आम्ही घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या बाटलीत काढून ठेवायला लागलो. हास्यास्पद उपाय, पण चालला.

त्याच आठवड्यात मी घसरले. खोटं कशाला बोलू. हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात दोन गोळ्या राहिल्या होत्या, नवऱ्याच्या छाप्यातून सुटलेल्या, हाताला लागल्या आणि विचार करायच्या आत तोंडात. आणि मग काही म्हणजे काहीच झालं नाही. मी पलंगावर बसून पांघरुणाची वाट बघतेय आणि पांघरूण येत नाही, कारण सगळ्या खुर्च्यांवर ब्यूप्रेनॉर्फिन बसलेलं. इतका अपमान झाल्यासारखं वाटलं ना! मॅडमना सांगितलं तर त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, रिसेप्टर अडवलाय म्हणून सुख अडलं, फिट अडत नाही, ती दुसऱ्या वाटेने येते. आणि हे औषध मधेच सोडून जुन्या डोसवर गेलात तर त्याहून वाईट, कारण शरीर आता तो डोस विसरलंय. खूप माणसं सोडल्यावर परत एकदा "तेवढंच" घेतलं त्यात जातात. मेंदूच्या देठातलं श्वासाचं केंद्र मंद होतं आणि झोपेत श्वास थांबतो, कोणाला कळतही नाही.

यावर शेपर्ड सीगल या संशोधकाचा 1982 चा उंदरांचा प्रयोग आहे. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठा डोस नेहमीच्या खोलीत दिला तर साधारण एक तृतीयांश मेले, तोच डोस नव्या जागेत दिला तर जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे सराव नुसता पेशीत नसतो, खोलीतही असतो. शरीर ओळखीची जागा बघून आधीच कंबर कसून ठेवतं. हे वाचल्यावर नवऱ्याने नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे आणून कपाटावर ठेवला, श्वास मंदावलेल्या माणसाला तो परत आणतो, रिसेप्टरवरून ओपिऑइडला हुसकावून. मी म्हटलं आता याची काय गरज, तो म्हणाला, "फायर एक्स्टिंग्विशर पण ठेवतोच ना."

पाळी पाचव्या महिन्यात परत आली. शाळकरी पोरीसारखा आनंद झाला मला, खरंच, तो पहिला आनंद. मग हळूहळू बाकीचं. एक दिवस ऑफिसात कोणीतरी काहीतरी फालतू विनोद केला आणि मी हसले आणि हसताना लक्षात आलं की हे मी करत नाहीये, होतंय.

पाठीचं मात्र लक्षातच आलं नाही कधी थांबलं ते. नवव्या महिन्यात तपासणीला मॅडमनी सहज विचारलं, पाठ कशी आहे, दहापैकी किती, तर मला उत्तर देता येईना. आठवायला लागले, शेवटची कधी दुखली होती? गोळ्या चालू असताना मी रोज आठ-नऊ सांगायचे. मी म्हटलं दोन, कधी एक, खूप वेळ बसले तर. त्यांनी लिहून घेतलं, पुढच्या पेशंटला हाक मारली. मी बाहेर येऊन बाकावर बसून राहिले बराच वेळ. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पाठ बहुतेक तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच बरी झाली होती. मी पुढची अडीच वर्षं कशावर औषध घेत होते.

आता दीड वर्ष झालं. ब्यूप्रेनॉर्फिन दोन मिलिग्रॅमवर आहे, अजून कमी करायचं का यावर मॅडमना घाई नाही आणि आता मलाही नाही. जिभेखालच्या या गोळीने दातांना त्रास होऊ शकतो, म्हणून ती विरघळल्यावर पाण्याने हलकेच चूळ भरून ते गिळायचं आणि एक तास तरी ब्रश करायचा नाही, हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आधीच्या तीन वर्षांच्या कोरड्या तोंडाने दाढेचं काम आधीच केलेलं. गेल्या महिन्यात एक दाढ काढावी लागली.

खुर्चीत बसायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला पूर्ण वाक्यात, मला ओपिऑइडचं व्यसन होतं, मी ब्यूप्रेनॉर्फिनवर आहे, मला ट्रामाडॉल किंवा त्या जातीचं काही लिहू नका. मला वाटलं ते वेगळ्या नजरेने बघतील. ते म्हणाले बरं झालं सांगितलंत, आणि पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन लिहून दिलं. रात्री सणकून दुखलं. भूल उतरली आणि जबडा ठणकायला लागला, कानापर्यंत, झोप नाही, मी नवऱ्याला उठवून बसवलं आणि आम्ही तीन वाजेपर्यंत पत्ते खेळलो. मी घाबरले होते, दुखण्याला नाही, दुखणं कुठे जाऊन थांबेल याला. दुसऱ्या दिवशी अर्धं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाल चाचपून बघितला, दाबून बघितला. थांबलं होतं.